हुशार माणसाने समूहात वाद कसा घालावा: नव्या सदस्यांसाठी

नव्या समूहात येऊन पहिल्याच आठवड्यात चार जणांच्या चुका दाखवणारा सदस्य बहुतेक वेळा बरोबर असतो. महिन्याभरात लोक त्याला उत्तर देईनासे होतात, आणि इथे कुणाला खऱ्याची चाड नाही असं त्याचं मत बनतं. ज्याला मुद्दा चटकन दिसतो, चूक दिसली की ज्याला गप्प बसवत नाही, आणि तरीही चार माणसांत आपण हवेसे असावं असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासाठी हा लेख आहे. सगळं सांगणं इंटरनेटवरच्या समूहांतल्या लेखी चर्चेबद्दल आहे, कारण तिथे चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही आणि लिहिलेलं मागे राहतं.

हुशारी इथे ब्रेक का लावत नाही

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड पर्किन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना वादग्रस्त प्रश्न देऊन दोन्ही बाजूंची कारणं लिहायला सांगितली होती. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मांडणीतला निष्कर्ष असा, की ज्यांचा बुद्ध्यांक जास्त, त्यांनी स्वतःच्या बाजूची कारणं जास्त लिहिली. विरुद्ध बाजूची कारणं मात्र त्यांनाही इतरांपेक्षा फारशी जास्त सुचली नाहीत. पुढे २०१३ साली कीथ स्टॅनोविच, रिचर्ड वेस्ट आणि मॅगी टोपलॅक यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेतला. स्वतःच्या बाजूला झुकतं माप देण्याची सवय आणि बुद्धिमत्ता यांचा संबंध त्यांनाही अगदी क्षीण दिसला.

याचा व्यवहारातला अर्थ नीट ध्यानात घ्या. तुम्ही हुशार आहात म्हणून तुमची चूक तुम्हाला लवकर दिसेल, यावर विसंबू नका. उलट चुकीच्या बाजूलाही तुम्ही दहा टेकू लावू शकाल, आणि ते इतके भक्कम वाटतील की समोरचा हार मानेल. म्हणून ‘मी समजूतदारपणे वागेन’ एवढा निश्चय पुरत नाही. ठरलेल्या कृती लागतात, आणि त्या डोकं तापायच्या आधीच ठरवाव्या लागतात.

पायरी १: आधी वाचा

पहिले दोन आठवडे आक्षेप घेऊ नका. प्रश्न विचारा, माहिती असेल तिथे उत्तर द्या, कुणाचं उत्तर उपयोगी पडलं तर तसं कळवा. पहिला आक्षेप घेण्याआधी अशी किमान पाच उपयोगी लेखनं तुमच्या नावावर असू द्यात. हा आकडा अनुभवाचा आहे, त्यात शास्त्र नाही. पण ज्याने आधी मदत केली त्याचा आक्षेप लोक मदत म्हणून वाचतात. जो आल्या आल्या आक्षेपच घेतो, त्याचा पुढचा चांगला सल्लासुद्धा कुरापत वाटतो.

वाचताना तीन गोष्टी टिपून ठेवा: समूहाचे लेखी नियम, इथे मतभेद कोणत्या शब्दांत व्यक्त होतात, आणि कोणते वाद आधीच होऊन गेले आहेत. तिसरी गोष्ट नवे लोक हमखास विसरतात. तुम्हाला काल सुचलेला धारदार मुद्दा तिथे सहा वेळा चघळून झालेला असू शकतो. शोधून पाहायला पाच मिनिटं लागतात.

पायरी २: उत्तर द्यायचं की नाही

चूक दिसली की क्रमाने स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला: ही चूक तशीच राहिली तर कुणाला इजा होईल का? औषधाची मात्रा, विजेचं काम, पैशांची फसवणूक, रसायनं एकमेकांत मिसळणं अशा बाबतीत ताबडतोब, स्पष्ट आणि सगळ्यांसमोर दुरुस्ती करा. वरचा किंवा खालचा एकही नियम इथे आड येऊ देऊ नका.

दुसरा: ही चूक त्या माणसाच्या मुख्य मुद्द्याला धक्का लावते का? कुणी जुन्या यंत्राच्या दुरुस्तीबद्दल लिहिताना त्याचं साल दोन वर्षांनी चुकवलं असेल, तर दुरुस्तीची माहिती तशीच खरी राहते. शुद्धलेखन, उच्चार, साल, नावातलं एखादं अक्षर या गोष्टी खासगीत कळवा किंवा सोडून द्या.

तिसरा: हे कुणी आधीच सांगितलंय का? पाच जणांनी सौम्य भाषेत एकच आक्षेप घेतला, तरी ज्याच्यावर तो येतो त्याला सौम्यपणा जाणवत नाही, पाच माणसं दिसतात. सहावे होऊ नका.

आणि एक ठिकाण असं आहे जिथे हे प्रश्नसुद्धा विचारायचे नाहीत. कुणी आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं किंवा घरातला ताण याबद्दल लिहीत असेल, तर त्याच्या तर्कातली फट शोधू नका. तो माणूस काही सिद्ध करायला आलेला नाही. तुमची बुद्धी तिथे खरंच वापरायची असेल, तर त्याला आत्ता ऐकून घेणारं कुणी हवंय की उपाय हवाय, हे ओळखण्यात वापरा. ओळखता आलं नाही तर सरळ विचारा.

पायरी ३: वाद, जल्प की वितंडा?

मराठीत आपण ‘वितंडवाद’ हा शब्द सैलपणे वापरतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, मात्र चर्चेचे तीन प्रकार काटेकोरपणे वेगळे केलेले आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं आहे आणि प्रमाण व तर्काने बोलणं चाललंय, तो वाद. जिंकण्यासाठी शब्दच्छल आणि क्लृप्त्याही वापरल्या जातात, तो जल्प. आणि स्वतःची कसलीच बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडत राहणं, ती वितंडा.

हुशार नवख्याचा पाय बहुधा वितंडेत अडकतो. खोडणं सोपं असतं, त्यात स्वतःला काही धोका नसतो आणि लगेच दाद मिळते. स्वतःला तपासायची पद्धत अशी: लिहायच्या आधी ‘माझं स्वतःचं म्हणणं काय?’ याचं उत्तर एका वाक्यात कागदावर उतरवा. वाक्य सुचलं नाही तर तुमच्याकडे फक्त विरोध आहे. मग आक्षेपाऐवजी प्रश्न विचारा. वाक्य सुचलं, तर ते नेमकं कसं घडतं हे त्याखाली टप्प्याटप्प्याने लिहा. येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली दाखवलं, की कपड्यांची चेन (झिप) किंवा कुलूप यांसारख्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला माहीत आहे असं लोकांना वाटतं. प्रत्यक्ष टप्पे लिहायला सांगितले की तेच लोक स्वतःच्या समजुतीला कमी गुण देतात. हा अनुभव सगळ्यांसमोर येण्यापेक्षा कागदावर आलेला बरा.

छलाचं, म्हणजे शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ घेण्याचं, जुनं उदाहरणही इथे उपयोगी आहे. कुणी म्हणतं, ‘या मुलाकडे नवकंबल आहे.’ त्याला म्हणायचंय नवं कांबळं. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ असा घेतो आणि विचारतो, ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसतंय.’ आजही निम्मे लेखी वाद असेच पेटतात. वाक्याचे दोन अर्थ होत असतील, तर जो अर्थ घेतल्यावर समोरचा शहाणा ठरतो तो अर्थ घेऊन उत्तर द्या.

पायरी ४: उत्तर बांधणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आक्षेपाचं उत्तर या क्रमाने लिहा.

आधी समोरच्याचं म्हणणं एक-दोन वाक्यांत तुमच्या शब्दांत मांडा, इतकं नीट की वाचून तो म्हणेल, ‘हो, मला हेच म्हणायचं होतं.’ ही पद्धत गणितज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अनातोल रापोपोर्ट यांच्या नावाने ओळखली जाते. पण न्यायसूत्रांतल्या बावीस निग्रहस्थानांत, म्हणजे चर्चेत हार मानण्याच्या कारणांत, ‘अननुभाषण’ आहेच: तीनदा सांगूनही ज्याला प्रतिपक्षाचं म्हणणं उच्चारून दाखवता येत नाही, तो हरला.

मग पटलेली एक गोष्ट सांगा, आणि ती नेमकी सांगा. ‘तुमचे काही मुद्दे बरोबर आहेत’ हे वाक्य कुणालाच खरं वाटत नाही.

त्यानंतर आक्षेप, आणि तो एकच. तुमच्याकडे पाच कारणं असतील. त्यातलं सगळ्यात मजबूत निवडा आणि बाकीची ठेवून द्या. पाच कारणं दिली की समोरचा सगळ्यात कच्चं कारण उचलतो, ते मोडतो, आणि उरलेली चारही मोडल्यासारखी दिसतात. गरजेपेक्षा जास्त हेतू (म्हणजे कारणं) किंवा दृष्टांत देणं हेही एक निग्रहस्थान आहे. त्याचं नाव ‘अधिक’.

शेवटी एक खरा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत नाही.

हे सगळं मिळून १२० ते १५० शब्दांत बसवा. त्याहून लांबलं तर बहुधा दुसरा आक्षेप आत शिरलाय.

एक नमुना पाहू. कुणी लिहिलंय, ‘कुंडीतल्या झाडांना रोज पाणी घालावं.’ मनात पहिल्यांदा येणारं उत्तर असं असतं: ‘रोज पाणी? मुळं कुजवायचीच असतील तर जरूर घाला. एवढी साधी गोष्ट तरी वाचून लिहायची.’

यातली माहिती बरोबर आहे आणि ती कुणाच्याही कामी येणार नाही. ज्याने लिहिलं तो आता झाडाचा विचार करत नाहीये, स्वतःची बाजू सावरतोय. तेच असं लिहा:

‘नियमित पाणी द्यावं, विसरलं तर झाडं सुकतात, असं तुमचं म्हणणं मला समजलं, आणि लहान कुंडी कडक उन्हात असेल तर रोज पाणी लागतंच. माझी अडचण सावलीतल्या कुंड्यांची आहे. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती बोटाने तपासून, कोरडी लागली तरच पाणी घालावं असं मला वाटतं. तुमच्या कुंड्या कुठे ठेवल्या आहेत?’

कदाचित उत्तर येईल की त्या कुंड्या गच्चीवरच्या उन्हात आहेत. म्हणजे तो माणूस त्याच्या जागी बरोबर होता. असे पुष्कळ वाद परिस्थिती न विचारल्यामुळे होतात.

पायरी ५: सूर तपासणं

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ईमेलमधल्या उपरोधावर प्रयोग प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपण कुठे गंभीर आहोत आणि कुठे उपरोधाने बोलतोय हे वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ते ५६ टक्के वेळा कळलं. नाणं उडवून ५० टक्के मिळाले असते. म्हणून अनोळखी लोकांत लिहिताना उपरोध पूर्ण वगळा.

मराठीत सूर बिघडवणाऱ्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्या आकाराने अगदी लहान असतात. ‘च’ हा त्यातला मुख्य. ‘तुम्ही वाचलं नाही’ आणि ‘तुम्ही वाचलंच नाही’ यांत एका अक्षराचं अंतर आहे, पण दुसरं वाक्य आरोप करतं. ‘एवढंही’, ‘साधं’, ‘उघड आहे’, ‘कुणालाही कळेल’, ‘निदान’ हे शब्द शोधून काढून टाका. ते गेल्यावर अर्थ तसाच राहतो, फक्त टोचणी जाते. ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की…’ ही सुरुवातही टाळा. तिच्यापुढे जवळजवळ नेहमी समोरच्याने न म्हटलेली गोष्ट येते. एकाहून जास्त प्रश्नचिन्हं आणि वाक्याच्या शेवटी सोडलेले तीन ठिपके हेही काढा.

आणि सर्वनाम बदलू नका. वाद तापला की ‘तुम्ही’चं अचानक ‘आपण’ होतं. लिहिणाऱ्याला वाटतं आपण सभ्य राहिलो, वाचणाऱ्याला त्या ‘आपण’मध्ये थंड हेटाळणी ऐकू येते. सुरुवातीला जे वापरलंत तेच शेवटपर्यंत ठेवा. ‘तू’वर घसरण्याबद्दल तर वेगळं सांगायला नको.

हे सगळं झाल्यावर उत्तर मोठ्याने वाचा. राग आला असेल तर पाठवू नका, सकाळपर्यंत ठेवा. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दल ऑक्टोबर १९९५ मध्ये निघालेल्या आरएफसी १८५५ या दस्तऐवजातही भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर एक रात्र थांबवून पाठवा, असाच सल्ला आहे.

पायरी ६: थांबणं

दोन फेऱ्यांचा नियम पाळा. तुमचा आक्षेप, त्याचं उत्तर, त्यावर तुमचं एक उत्तर, आणि बस. तिसऱ्या फेरीपासून मूळ विषय मागे पडतो आणि कोण आधी काय म्हणालं याचा कीस सुरू होतो. वाचणारे तोवर निघून गेलेले असतात.

दोन फेऱ्यांच्या आतच थांबायला सांगणाऱ्या खुणा दोन. एक, दोघांपैकी कुणाचा मूळ दावा हळूच बदलला. ‘हे कधीच चालत नाही’चं ‘हे सहसा चालत नाही’ झालं आणि ते कबूल केलं गेलं नाही. याला ‘प्रतिज्ञांतर’ म्हणतात. ते तुमच्याकडून झालं असेल तर आधी ते मान्य करा. दुसरी खूण म्हणजे ‘मतानुज्ञा’: स्वतःवरचा दोष खोडून न काढता ‘मग तुमच्या बाजूतही हाच दोष आहे’ असं उलटवणं. हे सुरू झालं की चर्चेतून नवं काही निघत नाही.

थांबताना एवढंच लिहा: ‘माझं म्हणणं मी दोनदा मांडलंय, तुमचं मला समजलंय, आपलं एकमत होत नाहीये. मी इथे थांबतो.’ त्यात शेवटचा टोला घालू नका. ‘थांबतो, कारण पुराव्यांशी तुम्हाला देणंघेणं नाही’ म्हणजे तिसरी फेरी सुरू केली. यानंतर समोरच्याने आणखी एक उत्तर लिहिलं तर ते तसंच राहू द्या. इथे हात शिवशिवतात, आणि हीच पायरी अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

हमखास बिघडणाऱ्या जागा

*तुकडे पाडून उत्तर देणं.* समोरच्याचं लेखन ओळीओळीने तोडून प्रत्येक ओळीखाली खंडन लिहिलं की ते कसून केलेलं काम वाटतं. पण ओळींमधला दुवा तुटतो आणि अटीची ओळ दाव्याच्या ओळीपासून वेगळी पडते. जास्तीत जास्त एक अवतरण घ्या, आणि पूर्ण वाक्य घ्या.

*पुराव्याची मागणी हत्यारासारखी वापरणं.* पुरावा मागणं योग्यच आहे. पण एक मिळाल्यावर तो न वाचता दुसरा मागणं म्हणजे समोरच्याला दमवणं. पुरावा मागितला की तो वाचण्याची जबाबदारी तुमची, आणि वाचून काय वाटलं हे लिहिण्याचीही.

*मनातलं ओळखल्याचा दावा.* ‘तुम्हाला फक्त मिरवायचंय’, ‘तुम्ही घाबरलात’. याचं खंडन कुणालाही करता येत नाही, म्हणून यातून फक्त भांडण निघतं. हेतूबद्दल एक शब्द लिहू नका.

*वादासाठी म्हणून उलटी बाजू घेणं.* घ्यायची असेल तर पहिल्याच वाक्यात तसं सांगा. मागाहून ‘मी फक्त तपासून पाहत होतो’ म्हटलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. शिवाय ते फारसं कामालाही येत नाही. चार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खरोखर वेगळं मत असलेल्या माणसामुळे गटाच्या विचाराला जेवढी चालना मिळाली, तेवढी नेमून दिलेल्या विरोधकामुळे मिळाली नाही.

गप्प बसण्याबद्दल

वरचं वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि बोलायचंच सोडतात. तेही नको. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत लोकांनी डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या रेषेच्या लांबीबद्दल, मुद्दाम चुकीचं सांगणाऱ्या बहुमताबरोबर चुकीची उत्तरं दिली. पण गटातला एक जरी जण खरं उत्तर देऊ लागला की हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. समूहाला तो एक जण लागतोच. सगळे माना डोलावत असताना तुम्हाला फट दिसत असेल, तर पायरी ४ प्रमाणे ती जरूर दाखवा.

तुमचं बरोबर ठरलं, तर पुढे कसं वागायचं हे चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात मित्रभावाच्या चर्चेबद्दल, म्हणजे संधाय संभाषेबद्दल, सांगितलंय: हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, समोरच्याला निरुत्तर केल्यावर हर्ष करू नये, आणि इतरांपुढे त्याची बढाई मारू नये. शेवटची गोष्ट आज जास्त मोडते. जिंकलेल्या चर्चेचा स्क्रीनशॉट काढून दुसरीकडे दाखवत फिरणं हीच ती बढाई.

तुमचं चुकलं, तर दुरुस्ती त्याच जागी करा जिथे चूक केली होती. मूळ मजकूर गुपचूप बदलू नका, नाहीतर खालची उत्तरं वेडगळ दिसायला लागतात. काय चुकलं, बरोबर काय आहे, कुणी दाखवून दिलं, या तीन गोष्टी तीन वाक्यांत लिहा. माफी मागायची असेल तर त्यात ‘पण’ नको, आणि ‘कुणाला वाईट वाटलं असल्यास’ हे तर नकोच. वाईट कुणाला वाटलं हे तुम्हाला माहीत असतं.

महिन्यातून एकदा

तुमची शेवटची वीस लेखनं काढून मोजा: आक्षेप किती, प्रश्न किती, मदत किती, आणि ‘हे मला माहीत नव्हतं’ असं किती वेळा लिहिलं. आक्षेप दहाच्या वर असतील तर पुढचे दोन आठवडे फक्त मदत आणि प्रश्न. ‘माहीत नव्हतं’ची संख्या शून्य असेल, तर इतरांचं लेखन तुम्ही चुका शोधायलाच वाचताय.

मग ज्यांच्याशी वाद झाला त्यांची नावं पाहा. त्यातलं कुणी त्यानंतर लिहायचं थांबलं असेल, तर खासगीत दोन ओळी पाठवा: तुमचं अमुक लेखन मला उपयोगी पडलं होतं, त्या दिवशी माझा सूर चढला होता, परत लिहिलंत तर आवडेल. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू नका.